आर्मेनियन 'आर्ज' आणि आपलं 'अस्वल'

काजवा

नमस्कार मंडळी. लेक येरेवानला डॉक्टरकी शिकते, तिच्याकडे तीन आठवडे राहून आलो. निघण्याआधी हट्टाने आर्मेनियन लिपी शिकून घेतली होती. मेस्रोप माश्तोत्स यांनी इ. स. ४०५ च्या सुमारास घडवलेली ही लिपी आजही बरीचशी तशीच चालते, त्यामुळे शिकण्यात फार आनंद होता. अर्थ कळत नव्हते, पण दुकानांच्या पाट्या वाचता येत होत्या.

एका दुपारी प्राणिसंग्रहालयात गेलो. तपकिरी अस्वलाच्या पिंजऱ्यावर तीनच अक्षरांची पाटी होती. आ, र, ज. आर्ज. मी तिथेच थांबलो, कारण डोक्यात लगेच 'ऋक्ष' वाजला. जांबवंताला आपण ऋक्षराज म्हणतो, तोच ऋक्ष.

घरी येऊन वाचायला बसलो. जे हाती लागलं ते असं. अस्वलाचं हे नाव फार जुनं आहे, संस्कृत, ग्रीक, आर्मेनियन या भाषा वेगळ्या होण्याच्याही आधीचं. ग्रीकमध्ये आर्क्तोस, लॅटिनमध्ये उर्सुस, वेल्शमध्ये आर्थ, अवेस्तात अर्श, आजच्या फारसीत खिर्स. आर्मेनियन आर्ज याच घरातला. सुरुवातीचा भाग तर अगदी नियमात बसतो. जिथे आपल्याकडे ऋ, तिथे आर्मेनियनमध्ये 'आर' येतो. आपला मृत, मर्त्य; त्यांचा 'मार्द', म्हणजे माणूस, मरणाधीन असलेला. आपला बृहत्, त्यांचा 'बार्द्झ्र', म्हणजे उंच.

अडचण शेवटच्या अक्षराशी आहे. ग्रीकमधल्या 'क्त'च्या जागी आर्मेनियनमध्ये 'त्स' यायला हवा. घारीचं उदाहरण आहे: ग्रीक इक्तीनोस, आर्मेनियन त्सीन. मराठी माणसाला हा फरक समजावायला सोपा आहे, कारण आपल्याकडे दोन्ही उच्चार आहेत. चमच्यातला च आणि चहातला च आपण कधी एक करत नाही. अस्वलाच्या नावात शेवटी चमच्यातल्या 'च'च्या घरातला आवाज हवा होता, आणि आला आहे जीवनातला 'ज'. हा ज आला कुठून? कुणी याचा अभ्यास केला असेल तर सांगा. मला वाचलेलं एक उत्तर माहीत आहे, पण आधी तुमचं ऐकायचं आहे.

---

हिरवाचाफा

वाचतेय. मृत आणि मार्दने अंगावर काटा आला.

---

मावळतीकर

काजवादादा, लेखन आवडलं, पण एक शंका. हे सरळ संस्कृतातून तिकडे गेलेले शब्द का नसतील? व्यापारी येत-जात होतेच. आर्मेनियन व्यापारी सुरतेत होते, मुंबईत फोर्टात त्यांचं १७९६ सालचं चर्च आजही उभं आहे. शिवाय आर्मेनियन भाषेत वाघाला 'वाग्र' म्हणतात असं मी वाचलंय. वाग्र म्हणजे व्याघ्र, यात काय संशय? मग आर्जही तसाच गेला असणार.

---

काजवा

मावळतीकर, तुमचा वाग्र फार कामाचा आहे. त्यानेच हा प्रश्न सुटतो, फक्त उलट्या दिशेने.

आर्मेनियनने जे शब्द थेट पूर्वजांकडून घेतले, त्यांत सुरुवातीच्या 'व'चा 'ग' होतो. आपलं 'वेद', मला ठाऊक आहे. त्यांचं 'गितेम', त्याच अर्थाचं. मेंढीच्या कोकराला त्यांच्याकडे 'गार', आपल्याकडे वैदिक 'उरण', ज्याच्या आरंभी मुळात व होता. लांडगा 'गाइल', आणि जुन्या आयरिशमध्ये त्याचाच भाऊ 'फाइल'. तिथेही मुळात व.

आता वाग्र पाहा. त्याचा व तसाच आहे, ग झालेला नाही. म्हणजे हा बदल होऊन गेल्यानंतर तो शब्द आर्मेनियन भाषेत शिरला. इराणी भाषांमधून आला. हत्तीचा 'पिघ' हाही तसाच, फारसी पीलचा नातलग. पेशव्यांच्या कागदांत पीलखाना वाचतो ना आपण, तोच पील. इराणी राजसत्तांखाली आर्मेनिया शतकानुशतके होता, त्यामुळे उसने शब्द इतके आले की १९ व्या शतकात बरेच विद्वान आर्मेनियनला इराणी शाखेतच टाकत. हाइनरिख ह्युबश्मान या जर्मन अभ्यासकाने १८७५ साली उसने थर बाजूला केले आणि खालचा मूळ थर दाखवला. तेव्हापासून आर्मेनियन ही स्वतंत्र शाखा मानतात.

आर्ज त्या खालच्या थरातला आहे. सुरत-मुंबईचे व्यापारी तर फारच अलीकडचे. पाचव्या शतकात बायबलचं आर्मेनियन भाषांतर झालं, तेव्हा हा शब्द भाषेत मुरलेलाच होता. वाघ आर्मेनियन माणसाच्या घरी पाहुणा म्हणून आला, पण अस्वल त्याच्या घरातलंच. संस्कृत आणि आर्मेनियन या बहिणी आहेत, आई-लेकी नव्हेत.

---

मावळतीकर

पटलं. व टिकला म्हणून उसना, हे लक्षात राहील.

---

झुळूक

मग आर्ज आणि अर्जुन? कानाला तर एकच वाटतात.

---

पोथीवाली

झुळूक, कानाला वाटतात खरे, पण घर वेगळं. अर्जुन म्हणजे शुभ्र, उजळ. ऋग्वेदात अहश्च कृष्णमहरर्जुनं च असं येतं, म्हणजे काळा दिवस (रात्र) आणि पांढरा दिवस. रजत त्याच कुळातलं. आर्मेनियनमध्ये त्या कुळाचा शब्द आर्ज नव्हे, 'आर्त्साथ' आहे, म्हणजे चांदी.

मी शाळेत सव्वीस वर्षं संस्कृत शिकवलं, म्हणून ऋक्षाबद्दल थोडं सांगावंसं वाटतं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात शुनःशेपाचं सूक्त आहे, त्यात

अमी य ऋक्षा निहितास उच्चा नक्तं ददृश्रे कुह चिद्दिवेयुः

म्हणजे उंचावर ठेवलेले हे ऋक्ष रात्री दिसतात, दिवसा कुठे जातात कोण जाणे. इथे ऋक्ष म्हणजे आकाशातले तारे. शतपथ ब्राह्मण तर स्पष्टच सांगतं, 'सप्तर्षीनु ह स्म वै पुरर्क्षा इत्याचक्षते', सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत. तिथेच कृत्तिका या ऋक्षांच्या पत्नी असल्याचंही सांगितलंय. ग्रीकांनीही त्याच सात ताऱ्यांत अस्वल पाहिलं, आणि त्या अस्वलाच्या दिशेचा प्रदेश म्हणून आर्क्टिक हे नाव आलं. आर्मेनियनमध्ये त्या तारकासमूहाला 'मेत्स आर्ज' म्हणतात, मोठं अस्वल.

वर्गात हा मंत्र आला की मी मुलांना रात्री गच्चीवर जायला सांगायचे. ऋक्ष आणि ऋषी हे उच्चाराने जवळ, म्हणून अस्वलं मागे पडून ऋषी पुढे आले असावेत असं अनेक जण म्हणतात. मला ते पटतं. पण रात्री उत्तरेकडे पाहताना मला अस्वलाचंच नाव आधी आठवतं.

---

मावळतीकर

पोथीवालीताई, ग्रीकमध्ये क्त आणि संस्कृतात क्ष, मग मूळ क्रम कोणता? आधी क की आधी त?

---

पोथीवाली

हा प्रश्न विद्वानांना बरीच वर्षं छळत होता. उत्तर मातीच्या विटांतून मिळालं. तुर्कस्तानात बोगाझक्यॉय इथे हित्ती राज्याच्या राजधानीत हजारो कीलाक्षरी विटा निघाल्या, आणि १९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझ्नी यांनी ती भाषा आपल्याच मोठ्या कुळातली आहे हे दाखवलं. त्या विटांत 'हार्तग्गा' हे एका हिंस्र पशूचं नाव आहे, आणि ते अस्वलच असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात आधी त, मग क. ग्रीकने अक्षरं उलटी केली, संस्कृतने दोघांना मिसळून क्ष केला. हार्तग्गातला आरंभीचा ह बाकीच्यांनी गाळला, हित्तीने मात्र जपला.

---

रानभूल

मी बुलढाण्याचा. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला आमचं गाव. आमच्याकडे अस्वल म्हणजे पुस्तकातला प्राणी नाही. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं पडतात, ती वेचायला माणसं पहाटे जातात आणि त्याच वेळी अस्वलंही येतात. वाघ माणूस दिसला की बहुधा बाजूला होतो. अस्वल दचकलं तर सरळ अंगावर येतं, आणि चेहऱ्यावरच घाव करतं. आमच्या गावात तशा दोन माणसांना मी लहानपणापासून पाहत आलोय.

काजवाकाका, तुमच्या 'ज'बद्दल मला काही माहीत नाही. पण एक गोष्ट सांगतो. आमची आजी मोहाच्या दिवसांत 'अस्वल' हा शब्द तोंडातून काढत नसे. 'काळं आलं होतं का रे वाटेत?' असं विचारायची. काळं म्हटलं की घरात सगळ्यांना कळायचं. जसं रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात किंवा जनावर म्हणतात, तसंच.

---

काजवा

रानभूल, तुमच्या आजीचं हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं आहे.

मला ठाऊक असलेलं उत्तर हेच होतं. जुन्या आर्मेनियनमध्ये 'आर्ज्न' असा एक वेगळा शब्द आहे, अर्थ काळसर, गडद तपकिरी. कलौंजीला तिथे 'आर्ज्नदेघ' म्हणतात, म्हणजे काळं औषध. अस्वलाच्या नावाचा शेवट जो बिघडला, तो या शब्दाच्या ओढीने, असं अभ्यासकांचं मत आहे. काही जण त्यात भीतीचाही भाग मानतात. जंगलातल्या बलाढ्य प्राण्याचं खरं नाव घेतलं की तो येतो, म्हणून नाव थोडं मोडायचं, रंगाच्या शब्दाकडे झुकवायचं. यांतलं नेमकं काय घडलं हे सिद्ध करणं अवघड आहे, कारण लिपी येण्याआधीचा तो काळ आहे. पण तुमची आजी जे करत होती ते वाचल्यावर मला ही कल्पना नुसती पुस्तकी वाटत नाही.

आपल्याकडे भाषेने भीती सांभाळण्याची रीत कुठे नाही? दिवा विझला म्हणत नाही, मालवला म्हणतो. मंगळसूत्र तुटलं तर वाढवलं म्हणतो.

---

दूरदेशी

मी प्रागला असते. इथे अस्वलाला मेद्व्येद म्हणतात, रशियनमध्येही तसंच काहीसं. माझ्या मुलाने शाळेतून येऊन सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं की मेद म्हणजे चरबी, लठ्ठ प्राणी. शेजारच्या आजींनी समजावलं: मेद म्हणजे मध, आणि शब्दाचा अर्थ मध खाणारा. हेही नाव टाळणंच का?

---

पोथीवाली

होय दूरदेशी. तुमच्या शेजारणीला सांगा, ऋग्वेदात 'मध्वदः सुपर्णाः' असे शब्द आहेत, मध खाणारे पक्षी. मध्वद् आणि मेद्व्येद यांची घडण एकच: मधु आणि अद्, खाणे. आपण ते पक्ष्यांसाठी वापरलं, स्लाव्ह लोकांनी अस्वलासाठी.

उत्तरेकडच्या लोकांनी अस्वलाचं मूळ नाव पार टाकून दिलं. स्लाव्हांनी मध खाणारा केला. इंग्रजीचा बेअर हा बहुतेकांच्या मते 'तपकिरी' या अर्थाच्या धातूचा, आपल्या बभ्रूचा नातलग. दक्षिणेकडच्यांनी, म्हणजे ग्रीक, रोमन, इराणी, आर्मेनियन आणि आपण, जुनं नाव टिकवलं. आर्मेनियन मधोमध उभं आहे असं मला वाटतं: नाव टिकवलं, पण त्याला काळ्या रंगाचा हात लागला.

---

हिरवाचाफा

पण ताई, आपण कुठे टिकवलं? ऋक्ष पोथीत राहिला. हिंदीत रीछ आहे. आपण तर अस्वल म्हणतो. ते कुठून आलं?

---

पोथीवाली

हिरवाचाफा, हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी वाट पाहत होते.

अस्वलात ऋक्ष आहे. नीट पाहा. संस्कृत क्षचा प्राकृतात बऱ्याचदा च्छ होतो, आणि मराठीत त्याचा स किंवा श. इक्षु, उच्छु, ऊस. कुक्षि, कुच्छि, कूस. मक्षिका, मच्छिआ, माशी. क्षुरिका, छुरिआ, सुरी. या वाटेने ऋक्षाचा प्राकृतात 'अच्छ' झाला. पालीतही अस्वल म्हणजे अच्छ. प्राकृतात त्याला भल्ल जोडून 'अच्छभल्ल' असा शब्द वापरत. भल्ल म्हणजेही अस्वल, भल्लूक, हिंदीतला भालू. त्या अच्छभल्लचा भ मऊ होत गेला आणि झालं अस्वल.

शिवाय अस्वलासाठी 'रीस' हा शब्दही जुन्या मराठीत होता, तो तर थेट ऋक्ष. आता तो फक्त कोशात दिसतो.

म्हणजे मराठी माणूस 'अस्वल' म्हणतो तेव्हा तो दोनदा अस्वल म्हणत असतो: ऋक्ष आणि भल्लूक.

---

मावळतीकर

काय सांगता! तपकिरी अस्वलाचं शास्त्रीय नावही तसंच आहे. उर्सस आर्क्टॉस. लिनियसने १७५८ मध्ये ठेवलेलं. पहिला शब्द लॅटिन अस्वल, दुसरा ग्रीक अस्वल. काजवादादांनी पिंजऱ्यात पाहिलं ते याच जातीचं. आपल्याकडचं मेळघाट-बुलढाण्याचं अस्वल वेगळं, मेलर्सस अर्सिनस. त्यातलं मेल म्हणजे लॅटिनमध्ये मध. शास्त्रज्ञांनीही शेवटी मध आणलाच.

---

काजवा

आणि आर्मेनियनमध्ये मधाला 'मेघ्र' म्हणतात, त्या लॅटिन मेलचा नातलग.

पोथीवालीताई, अस्वलात ऋक्ष लपलाय हे मला खरोखर माहीत नव्हतं. येरेवानच्या पिंजऱ्यासमोर मी 'आर्ज म्हणजे ऋक्ष' असं लेकीला उत्साहाने सांगत होतो. तेव्हा तिने विचारलं होतं, 'बाबा, मग आपल्या अस्वलाचं काय?' मी म्हणालो, ते वेगळं असेल. चुकीचं सांगितलं. आज रात्री तिला फोन करून सांगतो.

---

झुळूक

आणखी प्राणी असतील ना असे? धागा लांबला तरी चालेल.

---

काजवा

आहेत. सगळे इथे आणले तर अस्वल हरवेल, पण दोन सांगतोच.

कोल्ह्याच्या जातीचा लाल खोकड, तो आर्मेनियनमध्ये 'आघ्वेस'. ग्रीकमध्ये अलोपेक्स, ऋग्वेदात लोपाश. 'लोपाशः सिंहं प्रत्यञ्चमत्साः', खोकड मागून सिंहावर चालून गेलं, असं दहाव्या मंडलात आहे. आर्मेनियन लोकांचा मध्ययुगीन बोधकथांचा एक संग्रह याच्याच नावाने ओळखला जातो, 'आघ्वेसागिर्क', म्हणजे खोकडाचं पुस्तक. ते १६६८ साली ॲम्स्टरडॅममध्ये छापलं गेलं.

दुसरा घोडा. आर्मेनियन घोडा म्हणजे 'जी', यातला ज मात्र जोरातला. तो आपला हय. मग अश्व कुठे गेला? आर्मेनियनमध्ये 'एश' असा शब्द आहे, ध्वनीच्या नियमाने तो अश्वाशी जुळतो, कारण श्वान तिथे 'शून' होतो, म्हणजे श्वचा श. पण एश म्हणजे गाढव! अश्वाचं नाव गाढवाकडे गेलं असं एक मत, आणि हा शब्द पश्चिम आशियातल्या गाढवाच्या जुन्या नावांपैकी, सुमेरियन अन्शेच्या जवळचा, असं दुसरं. मला पहिलं मत जवळचं वाटतं. आपणही अश्व पोथीत ठेवला आणि रोजच्यासाठी घोडा घेतला.

---

अरारातछाया

मी येरेवानला चौथ्या वर्षाला आहे, मूळची नांदेडची. धागा मैत्रिणीने पाठवला. एक उच्चाराची गोष्ट सांगते. लिहितात आर्ज, पण इथे बोलताना र-नंतरचा तो ज फुंकर मारल्यासारखा होतो, जवळजवळ 'आर्छ'. शेवट या अर्थाचा 'वेर्ज'सुद्धा 'वेर्छ' ऐकू येतो. बेरूत किंवा इस्तंबूलकडचे आर्मेनियन, म्हणजे पश्चिमेची बोली बोलणारे, तेही आर्च-आर्छच म्हणतात.

आणि लहान मुलांचं मऊ खेळण्यातलं अस्वल 'आर्जुक'. माझ्या घरमालकीणबाई नातीला झोपवताना हाच शब्द म्हणतात.

---

हिरवाचाफा

आर्छ! आणि आपला प्राकृत अच्छ!

---

पोथीवाली

हिरवाचाफा, मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण ही भेट योगायोगाची आहे. आपला च्छ क्षमधून आला, त्यांचा छ हा 'ज'वर अलीकडे चढलेला श्वास. मूळ एक आहे, वाटा दोन आहेत, आणि आज दोघं एका वळणावर शेजारी दिसतात इतकंच. असं असलं तरी अरारातछाया, तुमचा प्रतिसाद वाचून मी तो शब्द मोठ्याने दोनदा म्हणून पाहिला.

---

मावळतीकर

लहानपणी आमच्या गल्लीत दरवेशी अस्वल घेऊन यायचा. आई त्याच्याकडून अस्वलाचा केस घेऊन ताईतात घालायची, मुलांनी घाबरू नये म्हणून. त्या अस्वलाच्या नाकातली दोरी तेव्हा दिसायची, पण कळायची नाही. आता ते खेळ बंद झाले हे चांगलंच झालं. ज्याचं नाव घ्यायला माणसं भीत होती, त्यालाच नाचवलं.

---

रानभूल

वरचं सगळं रात्री आत्याला वाचून दाखवलं. आजी आता नाही, पण आत्या तिच्याबरोबर मोह वेचायला जायची. तिने माझी एक चूक दुरुस्त केली. आजी 'काळं' नेहमीच म्हणत नसे. दिवसा, ओट्यावर बसून गोष्ट सांगताना ती सरळ अस्वलच म्हणायची. अंधार पडल्यावर, आणि पहाटे टोपली घेऊन बांध ओलांडला की मगच 'काळं' सुरू व्हायचं. गावात परत शिरताना वेशीपाशी पुन्हा अस्वल.